तहकूब ग्रामसभेत काय ठरते?

कोकणातल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर अधूनमधून एक ओळ खडूने लिहिलेली दिसते: "गणपूर्तीअभावी आजची ग्रामसभा तहकूब करण्यात आली आहे." ती वाचून लोक आपापल्या वाडीकडे परततात, कारण सभा झाली नाही म्हणजे काही ठरले नाही, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अट राहत नाही. आधीच्या विषयपत्रिकेवरचे विषय त्या दिवशी समोर बसलेल्या वीस-पंचवीस माणसांत मंजूर होऊ शकतात आणि ते ठराव संपूर्ण गावाचे ठराव म्हणून तालुक्याला रवाना होतात. म्हणून पहिल्या सभेला जाणे जमले नाही तर एक वेळ चालेल. तहकूब सभेची तारीख मात्र विचारून ठेवावी, असे माझे मत आहे.

गणपूर्तीचा नियम सोपा आहे. गावाच्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर हवेत. चारशे मतदारांच्या गावात साठ माणसे पुरतात. बाराशे मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे १८० होतात, पण तिथे शंभरावरच काम भागते. ही संख्या मोठी नाही. तरी पाच-सहा वाड्या डोंगराच्या वेगवेगळ्या अंगांना पसरलेल्या असतात, मधे व्हाळ (ओढा) असतो, पावसात वरच्या वाडीतून पंचायतीपर्यंत यायला तास लागतो, आणि गावात राहिलेल्यांत वयस्कर मंडळीच अधिक असतात. सभा तहकूब होण्यामागे उदासीनता आहे असे बाहेरचे लोक म्हणतात, पण कोकणात त्यात भूगोलाचाही मोठा वाटा आहे.

ग्रामसभा आणि ग्रामपंचायत हे दोन शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून फरक स्पष्ट करायला हवा. ग्रामपंचायत म्हणजे सरपंच आणि निवडून आलेले सदस्य, ज्यांची संख्या लोकसंख्येनुसार ७ ते १७ असते. त्यांची दरमहा मासिक सभा होते. ग्रामसभा म्हणजे त्या पंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती. तिथे कोणी निवडून यावे लागत नाही आणि तिची मुदतही संपत नाही. १९९२ साली संमत झालेली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेली ७३ वी घटनादुरुस्ती या दोन्ही संस्थांना घटनेत स्थान देते, आणि त्यांचा रोजचा कारभार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. त्या अधिनियमाच्या कलम ७ नुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. पुरेशा कारणाशिवाय त्या न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो.

साधारण ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते आणि सोबत विषयपत्रिका लावावी लागते. पूर्वी दवंडी ऐकू यायची. आता बहुतेक गावांत मोबाइलवरच्या गटात नोटिशीचा फोटो येतो, आणि तो अनेकदा इतका पुसट असतो की विषय वाचताच येत नाहीत. अशा वेळी पंचायतीत जाऊन फलकावरची मूळ नोटीस वाचावी. आपला विषय घ्यायचा असेल तर तो लेखी अर्जाने, सभेच्या पुरेसे आधी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. "आयत्या वेळचे विषय" या सदरात कोणी काही मांडले तर चर्चा होते, पण तोवर अर्धी सभा उठून गेलेली असते.

कोणत्या सभेत काय विचारायचे, हेही ठरलेले आहे. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेपुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षातील विकासाचा कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणातील आक्षेप त्यांच्या उत्तरांसह ठेवायचे असतात. १ मेची सभा आपल्याकडे याच कामाची असते. पण कोकणात तेव्हा आंब्याचा हंगाम ऐन भरात असतो, पेट्या भरण्याची घाई असते, आणि हिशेबाचा विषय "वाचून दाखविण्यात आला, मंजूर" अशा एका ओळीत संपतो. लेखापरीक्षणाचे आक्षेप तर क्वचितच वाचले जातात. गावाचा कारभार कसा चालला आहे ते समजून घ्यायला इतका उपयोगी दुसरा कागद नाही, कारण त्यात कोणत्या खर्चाला पावती नाही, कोणत्या कामाची मोजमाप वही अपुरी आहे आणि कोणती करवसुली थकली आहे, हे तिऱ्हाईताने लिहिलेले असते.

२ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते. ज्याला आपल्या वाडीसाठी काही हवे आहे, त्याच्यासाठी हीच सभा सर्वांत महत्त्वाची. आराखड्यात नाव नसलेल्या कामाला निधी मिळणे अवघड असते. जानेवारीत येऊन "आमची पाखाडी (वाडीची पायऱ्यांची वाट) राहिली" म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. मंजूर आराखडा आणि त्यावरचा खर्च ई-ग्रामस्वराज या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, त्यासाठी अर्जही लागत नाही.

या आराखड्यातला पैसा येतो कुठून? घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर हे गावाचे स्वतःचे उत्पन्न. त्यातला ठरावीक भाग मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के असा राखून खर्च करावा लागतो. छोट्या गावात हे स्वतःचे उत्पन्न फार नसते. मोठी रक्कम वित्त आयोगाची. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ती पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची, आणि उरलेली ४० टक्के अबंधित. महाराष्ट्रात या निधीचे ८० टक्के ग्रामपंचायतीला, तर १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला मिळत. "पैसे आलेत तर आमच्या रस्त्याला का देत नाही?" या नेहमीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या बंधित-अबंधित भेदात आहे. सरपंच कधी ते समजावून सांगत नाहीत, आणि कधी सांगितले तरी लोकांना ती पळवाट वाटते.

रस्ते, साकव (ओढ्यावरचे छोटे पूल), स्मशानशेड अशी मोठी कामे मात्र बहुधा वित्त आयोगातून होत नाहीत. त्यांचा निधी जिल्हा वार्षिक योजना, जनसुविधा, ग्रामविकास विभागाचे "पंचवीस-पंधरा" नावाने ओळखले जाणारे लेखाशीर्ष किंवा आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी यांतून येतो. नारळ फोडताना कोणाचा फोटो फलकावर आहे, त्यावरून निधी कुठला ते ओळखता येते, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात. निधी कोणताही असो, काम मागणारा ग्रामसभेचा ठराव आणि जागेचे कागद हे दोन्ही लागतातच, आणि कोकणात गाडी अडते ती जागेच्या कागदांवर.

ही अडचण नीट समजून घ्यायला एका वाडीच्या पाखाडीचे उदाहरण घेऊ. मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची जुनी वाट आहे, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी बांध) आहेत, आणि वाडीला आता तिथून रिक्षा जाईल असा रस्ता हवा आहे. वाट पिढ्यान्‌पिढ्या वापरातली असली तरी जमीन खासगी आहे. सातबारावर आठ-दहा नावे आहेत, त्यांतली निम्मी माणसे हयात नाहीत, आणि त्यांचे वारस मुंबई, ठाणे, विरार, पनवेल अशा ठिकाणी पांगले आहेत. सरकारी पैसा खासगी जमिनीवर खर्च करता येत नाही. म्हणून जमीनमालकांची संमतीपत्रे किंवा नोंदणीकृत बक्षीसपत्र मागितले जाते, आणि एका सहहिस्सेदाराने नकार दिला, किंवा तो सापडलाच नाही, तरी अभियंता अंदाजपत्रक करायला कचरतो. गावाला वाटते की पंचायत काम टाळते आहे. पंचायत म्हणते की गावच सही देत नाही.

इथे ग्रामपंचायतीच्या दप्तरातील एक वही कामाची आहे. ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांना नमुना क्रमांक असतात: नमुना १ अर्थसंकल्पाचा, नमुना ८ कर आकारणीचा, ज्याला गावात अजूनही असेसमेंट म्हणतात, नमुना २० कामाच्या अंदाजाचा, नमुना २२ रस्ते व जमिनी सोडून इतर स्थावर मालमत्तेचा, आणि नमुना २३ रस्त्यांचा. वाडीचा रस्ता नमुना २३ ला नोंदलेला आहे का, त्याची लांबी-रुंदी काय लिहिली आहे आणि ही नोंद कोणत्या ठरावाने झाली, हे सर्वांत आधी पाहावे. अनेकदा बापजाद्यांनी तोंडी दिलेली वाट नोंदलेलीच नसते. कधी नोंद असते, पण एका वाडीचे नाव दुसऱ्या वाटेला लागलेले असते, आणि मग दुरुस्तीचा पैसा भलत्याच ठिकाणी जातो. वही मागितल्यावर ती दाखवणारा ग्रामपंचायत अधिकारी भेटला तर काम दहा मिनिटांचे असते. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे २०२४ मध्ये एकत्र करून हे नवे पदनाम दिले आहे, बोलण्यात मात्र ग्रामसेवकच चालू आहे.)

वही दाखवली नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या या कायद्याखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतरचे दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नवी मुंबईतील कोकण खंडपीठाकडे जाते. अर्ज करताना "रस्त्यांची सर्व माहिती द्यावी" असे लिहू नये. "नमुना २३ मधील अमुक वाडीच्या रस्त्याच्या नोंदीची प्रत आणि ती नोंद ज्या ठरावाने झाली त्याची प्रत" असे लिहावे. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येते.

पाण्याबाबत थोडे सांगायला हवे. कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत काही वाड्यांना टँकर लागतो, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र आहे आणि नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने देणे हे तिचे उद्दिष्ट आहे. या योजनेत गावाची पाणी समिती असावी, तिच्यात किमान निम्म्या महिला असाव्यात आणि गावांतर्गत कामाच्या खर्चाची काही टक्के लोकवर्गणी गावाने भरावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. गावकऱ्यांनी इथे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा असे मला वाटते: विहिरीला मे महिन्यात किती पाणी असते, हे कोणी मोजले का? टाकी आणि नळ बसतात, उद्‌घाटन पावसाळ्यानंतर होते, आणि उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत, आटलेला असतो हे पुढच्या उन्हाळ्यात कळते. ज्या बायका त्या विहिरीवर जातात त्यांना हे आधीच ठाऊक असते. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी स्वतंत्र महिला सभा घेण्याची तरतूद आहे ती अशाच गोष्टींसाठी. ती सभा सह्या गोळा करण्यापुरती उरली असेल तर त्याविषयी लेखी विचारणा करावी.

सह्यांचा विषय निघालाच आहे, तर इतिवृत्ताबद्दल. सभेत शिरताना हजेरीच्या वहीवर सही घेतली जाते. ती फक्त हजर असल्याची खूण असते, ठरावाला दिलेली संमती नव्हे. पण वहीतले कोरे पान नंतर भरले गेले तर हा फरक कागदावर दिसत नाही. म्हणून सभा संपण्यापूर्वी ठराव वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक ठरावाला क्रमांक, सूचक आणि अनुमोदक लागतो. आपण विरोध केला असेल तर तो नावानिशी नोंदवायला सांगावा. सभेत मोठ्या आवाजात केलेले भाषण इतिवृत्तात नसेल तर तालुक्याच्या लेखी ते झालेलेच नसते. दोन-चार दिवसांनी ठरावाची प्रत मागून घरी ठेवावी. वाद वाढला तर गटविकास अधिकाऱ्याकडे जाताना हीच प्रत उपयोगी पडते.

दापोली, गुहागर, लांजा, देवरुख, मंडणगड, कुडाळ, देवगड-जामसंडे अशा ठिकाणी जुनी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. तिथल्या रहिवाशांना ग्रामसभा राहिलेली नाही. घटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या आहेत त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत, आणि या गावांना ते लागू होत नाही. १७ नगरसेवक निवडून द्यायचे आणि पुढे त्यांच्याकडे अर्ज-विनंत्या करायच्या, इतकेच हाती उरते. नगरपंचायत झाली म्हणजे गावाची बढती झाली असे मानणाऱ्यांनी हा तोटाही मोजायला हवा होता.

गावाच्या वरच्या पातळीवर होणारे निर्णय "प्रारूप", म्हणजे कच्चा मसुदा, या शब्दाने सुरू होतात. प्रभागरचनेचे प्रारूप, मतदारयादीचे प्रारूप, किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचे प्रारूप, पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना: हा शब्द जाहिरातीत दिसला की समजावे, हरकती व सूचनांची मुदत सुरू झाली आहे. पश्चिम घाटाची पहिली प्रारूप अधिसूचना १० मार्च २०१४ रोजी निघाली आणि सहावी ३१ जुलै २०२४ रोजी. दर वेळी हरकतींसाठी ६० दिवस होते. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी घ्यायच्या जनसुनावणीला किमान ३० दिवसांची पूर्वसूचना लागते, ती जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर होते, आणि तिथले कार्यवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. इथेही मोर्चापेक्षा लेखी हरकत अधिक टिकते, कारण ती अहवालाला जोडावी लागते. हरकतीत गावाचे नाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक, आणि आपले म्हणणे नकाशातील कोणत्या नोंदीबद्दल आहे ते लिहावे. एकाच मजकुराच्या शंभर प्रती पाठवण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या जमिनीबद्दल चार ओळी लिहिलेल्या बऱ्या.

शेवटी चाकरमान्यांविषयी. गावाच्या मोबाइल गटात सर्वांत जास्त बोलणारे बहुधा मुंबईत राहतात, आणि त्यांचे मतदानही मुंबईत असते. ग्रामपंचायतीची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते. नाव तिथे नसेल तर घरपट्टी भरूनही ग्रामसभेत मत देता येत नाही आणि गणपूर्तीतही ते मोजले जात नाहीत. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. गावी कायमचे राहायला आलेल्यांनी नमुना ८ चा अर्ज भरून नाव हलवून घ्यावे. हा मतदार नोंदणीचा नमुना ८, वर उल्लेखलेल्या असेसमेंटचा नव्हे. बाकीच्यांना सभेत मत नसले तरी एक गोष्ट त्यांच्याच हातात आहे, आणि ती म्हणजे संमतीपत्रावरची सही. वर्षभर पांगलेले सहहिस्सेदार गावात एकत्र भेटतात ते शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आधीच करून ठेवावा, रस्त्याची रुंदी मोजून कच्चा नकाशा काढावा, संमतीपत्राचा मसुदा टंकलेखन करून तयार ठेवावा. आरती आटोपली की मंडळी पत्त्यांना बसायच्या आत सह्या घ्याव्यात, म्हणजे २ ऑक्टोबरच्या सभेपुढे तो रस्ता जागेच्या कागदांसह ठेवता येईल.